दोन ट्रॉल्या मागे, पंप पुढे

सोलापूर–हैदराबाद रस्त्यावरून बसवकल्याणला जायचं तर सस्तापूर बंगल्याच्या चौकात वळावं लागतं. राष्ट्रीय महामार्ग 65 हे या रस्त्याचं आजचं नाव. ट्रकवाल्यांच्या जुन्या पिढीच्या तोंडी मात्र तो अजून ‘नऊ नंबर’च आहे. पुण्याहून निघून सोलापूर, नळदुर्ग, उमरगा करत तो कर्नाटकात शिरतो, बसवकल्याण आणि हुमनाबाद मागे टाकून तेलंगणात उतरतो आणि पार मछलीपट्टणच्या समुद्राला जाऊन भिडतो. ट्रक आणि कंटेनर इथे बारमाही. दिवाळी सरली की त्यांच्यात उसाची वाहनं मिसळतात: ट्रॅक्टर, त्याच्या मागे ट्रॉली आणि तिच्या मागे आणखी एक ट्रॉली. हळ्ळीखेडचा बिदर सहकारी, इमामपूरचा नारंजा, भालकी तालुक्यातल्या हुणजीचा महात्मा गांधी, सीमेपलीकडे मुरूमचा विठ्ठलसाई, आळंद भागात भुसनूर; यांपैकी जो कारखाना सुरू असेल आणि ज्याचा भाव पटेल, तिकडे ही वाहनं वळतात.

या वाहनाला रोज एकदा तरी डिझेल लागतं. नुसता ट्रॅक्टर असेल तर प्रश्नच नाही. साडेतीन मीटरचं ते धूड मोटारसायकलींच्या रांगेतही उभं राहतं. मागे दोन ट्रॉल्या असल्या की तेच वाहन पंधरा-सोळा मीटरचं होतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांनी अशा जोडीची लांबी 18 मीटरच्या घरात बांधून घातली आहे, आणि गावाकडच्या कितीतरी पंपांचं आवार रस्त्याच्या कडेपासून मागच्या भिंतीपर्यंत त्याहून फार मोठं नसतं. ट्रॅक्टरचं तोंड नोझलपाशी पोचलं तरी शेवटच्या ट्रॉलीचं शेपूट हमरस्त्यावरच राहतं. मागून ताशी ऐंशीने येणाऱ्या गाडीला अंधारात दिसते ती थेट उसाची भिंत, तीही रिफ्लेक्टर पाचटाखाली झाकला गेला नसेल तर.

म्हणून मागे ट्रॉली असताना ड्रायव्हर पंप निवडतो तो आधी आत-बाहेर जायच्या वाटेवरून. भाव, माप, उधारी या गोष्टी त्यानंतर येतात.

वाटेचा हा हिशेब भूमितीचा आहे. ओढलं जाणारं चाक पुढच्याच्या मागावरून जात नाही, आतून जातं. कागदावर मांडून पाहिलं की हे चांगलं कळतं. ट्रॅक्टरचा हुक सात मीटर त्रिज्येच्या वळणावर फिरतो आहे आणि हुकापासून ट्रॉलीच्या आखापर्यंतचं अंतर चार मीटर आहे, असं धरू. वळण पुरेसं लांब असेल तर ट्रॉलीची चाकं सुमारे पावणेसहा मीटर त्रिज्येच्या वळणावर येतात, म्हणजे सव्वा मीटर आत. आता हिच्या आखामागे एक मीटरवर दुसरी, तेवढीच ट्रॉली जोडा. तिची चाकं जेमतेम सव्वाचार मीटर त्रिज्येवर धावतात. ड्रायव्हरने हुक जिथून नेला त्याच्या पावणेतीन मीटर आतून! पंपाच्या मशीनभोवती जो सिमेंटचा ओटा असतो, त्याच्या कोपऱ्यावरचे लोखंडी खांब वाकलेले आणि रंग खरवडलेले दिसतात, ते याच पावणेतीन मीटरमुळे. ट्रॅक्टर ओट्याच्या कडेने सुखरूप निघतो, पहिली ट्रॉली चाटून जाते आणि दुसरी नेमकी खांबावर बसते.

यावरचा उपाय साधा आहे. वळण जमेल तेवढं मोठं घ्यायचं आणि ओट्याशी पोचण्याआधीच अख्खी जोडी सरळ रेषेत आणायची. पण त्यासाठी पंपाच्या आधी आणि नंतर तेवढी मोकळी जागा हवी. अशी जागा नव्या महामार्गी पंपांवर मिळते, कारण तिथे रस्त्यावरून उतरताना वेग कमी करायला आणि परत चढताना वेग धरायला वेगळी पट्टी ठेवावी लागते. गावातल्या जुन्या पंपावर बऱ्याचदा एकाच तोंडाने आत जाऊन त्याच तोंडाने बाहेर पडावं लागतं. तिथे एकच मार्ग उरतो, रिव्हर्स.

आणि दोन ट्रॉल्या घेऊन रिव्हर्स जवळजवळ होत नाही. एका ट्रॉलीची गोष्ट सरावाने जमते. ट्रॉलीचं बूड डावीकडे न्यायचं तर स्टिअरिंग आधी उजवीकडे मारायचं, ती वळायला लागली की तिच्यामागे ट्रॅक्टर न्यायचा. दुसरी ट्रॉली आली की उलट्याचं पुन्हा उलटं होतं. त्यात ढकलली जाणारी ट्रॉली स्वतःहून कधीच सरळ होत नाही. जरा वाकली की आणखी वाकतच जाते. ओढताना जी दांडी तिला ओळीत आणते, तीच दांडी ढकलताना तिला ओळीबाहेर फेकते. हातभर मागे जाईपर्यंत दोन्ही ट्रॉल्यांत काटकोन होतो, दांडी पिळते, पिन अडकून बसते. मग क्लीनर पाठीमागे उभा राहून ‘आन दे, आन दे’ म्हणत कितीही हात हलवो, उपयोग होत नाही.

यावर दुसरा उपाय सुचतो तो ट्रॉली सोडून जायचा. पिन काढायची, ट्रॉल्या कडेला ठेवायच्या, ट्रॅक्टर मोकळा नेऊन डिझेल मारायचं आणि परत जोडायचं. रिकाम्या ट्रॉलीच्या बाबतीत हे सहज होतं. भरलेली ट्रॉली सोडणं जोखमीचं. एका आखाच्या ट्रॉलीत वजन मुद्दाम थोडं पुढे ठेवलेलं असतं, कारण हुकावर भार आला तरच ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना जमिनीची पकड मिळते. हाच भार ट्रॉली सोडताना अंगावर येतो. पिन निघाली की दांडी खाली बसते, किंवा जमीन उताराची असेल तर अख्खी ट्रॉली चालायला लागते. चाकांना दोन्ही बाजूंनी दगड आणि दांडीखाली भक्कम जॅक हवा, आणि त्या दोहोंखालची जमीन दबणारी नको. काळ्या रानाच्या कडेला अशी जमीन कुठे मिळते?

त्यामुळे अनुभवी ड्रायव्हर डिझेल भरतो ते रिकाम्या खेपेला. कारखान्याच्या काट्यावर वजन होऊन ऊस उतरला, की परतीच्या वाटेवरच टाकी भरून घ्यायची आणि भरल्या ट्रॉल्यांनी पंपाचं तोंडही बघायचं नाही. रस्त्याची बाजूही त्याला आधीच ठरवावी लागते. चौपदरीकरणानंतर मध्ये दुभाजक आला. पलीकडचा पंप समोर दिसत असला तरी तिथे जायचं म्हणजे पुढच्या तुटीपर्यंत जाऊन वळसा घ्यायचा, आणि दोन ट्रॉल्यांचा वळसा दोन्ही लेन अडवतो. उलट्या बाजूने घुसण्याचा मोह होतो, आणि हंगामातले काही वाईट अपघात तिथेच घडतात.

वाट जमली की मग भाव. सीमाभागात हा विषय चवीने चघळला जातो. पेट्रोल-डिझेल जीएसटीच्या बाहेर असल्याने केंद्राच्या अबकारी शुल्कावर प्रत्येक राज्य आपला विक्रीकर लावतं. नोव्हेंबर 2021 मध्ये केंद्राने डिझेलवरचं शुल्क लिटरमागे 10 रुपयांनी उतरवलं, त्यापाठोपाठ कर्नाटकने आपला कर 24 टक्क्यांवरून 14.34 टक्क्यांवर आणून आणखी सात रुपये कमी केले. महाराष्ट्राने तेव्हा हात आखडता घेतला. त्यानंतर उमरगा, निलंगा भागातली वाहनं सीमा ओलांडून टाकी भरून येऊ लागली. एमएच-25 आणि एमएच-24 पाटीची वाहनं बसवकल्याणच्या केए-56 पाट्यांशेजारी रांगेत दिसणं नेहमीचं झालं.

हा फरक पुढे आटत गेला. जुलै 2022 मध्ये महाराष्ट्राने डिझेल लिटरमागे तीन रुपयांनी उतरवलं. कर्नाटकने जून 2024 मध्ये डिझेलवरचा कर 18.44 टक्क्यांवर नेला आणि 1 एप्रिल 2025 पासून 21.17 टक्क्यांवर. मुंबई परिसर सोडून उरलेल्या महाराष्ट्रात तो 21 टक्के होता. म्हणजे डिझेलपुरते दोन्ही राज्यांचे दर जवळपास एका रेषेत आले. फरक चांगला असतानाही ट्रॉलीवाल्याला त्याचा फायदा ट्रकवाल्याइतका नव्हताच. ट्रकची टाकी तीनशे-चारशे लिटरची, ट्रॅक्टरची साठ-पासष्टची. लिटरमागे पाच रुपये वाचले तरी टाकीमागे तीनशे. त्यासाठी दहा किलोमीटर वाकडी वाट केली तर जाऊन-येऊन तासाभराहून जास्त वेळ जातो आणि पाच-सहा लिटर डिझेल धुरात निघून जातं.

डिझेल जातं कुठे, याचाही ठोकळ हिशेब मांडता येतो. ट्रॅक्टर, ट्रॉल्या आणि ऊस मिळून 20 टन धरले, तर सपाट डांबरी रस्त्यावर नुसती चाकं फिरती ठेवायला सुमारे चारशे किलोंची ओढ लागते. चढ एक टक्क्याचा, म्हणजे शंभर मीटरला एक मीटर असला की दर टनामागे दहा किलो ओढ वाढते; 20 टनांना दोनशे किलो. दोन टक्क्यांचा चढ, जो डोळ्यांना जाणवतही नाही, तो ओढ दुप्पट करतो. बसवकल्याणचा मुलूख बालाघाटाच्या पठारी रांगांचा आहे. नाल्यात उतरायचं आणि पलीकडे चढायचं हा इथल्या आडरस्त्यांचा क्रम. पंचेचाळीस-पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर अशा ओढीच्या कामात तासाला चार ते सहा लिटर पितो. भरलेली टाकी म्हणजे दहा-बारा तासांची बेगमी. पण कारखान्याच्या आवारात नंबर लागेपर्यंत रात्र काढावी लागली, थंडीत इंजिन उगाच चालू ठेवलं, तर तो हिशेब चुकतो.

चुकला की ट्रॅक्टर ‘एअर घेतो’. पेट्रोलची गाडी रिकामी झाली तर पेट्रोल ओतून चालू करता येते, डिझेलचं तसं नाही. टाकी कोरडी पडली की नळीत, फिल्टरात आणि पंपात हवा शिरते. हवा दाबली जाते, डिझेल दाबलं जात नाही. इंजेक्टर उघडायला लागणारा दाब हवेच्या बुडबुड्यातच विरतो. मग डिझेल ओतूनही इंजिन नुसतं घुरघुरतं. फिल्टरच्या डोक्यावरचा छोटा बोल्ट पान्याने दीड-दोन आटे सैल करायचा, हातपंपाची घुंडी दाबत राहायची. आधी फेस येतो, मग फेसात धार मिसळते. धार अखंड झाली की घुंडी दाबलेलीच ठेवून बोल्ट आवळायचा. तरीही चालू झालं नाही तर इंजेक्टरच्या नळ्या एकेक करून सैल करायच्या. हे सगळं भरल्या ट्रॉल्यांसह, रस्त्याच्या कडेला, मोबाईलच्या उजेडात.

म्हणून ट्रॉलीत एक कॅन असतोच. पेट्रोलियम कायदा 1934 नुसार डिझेल ‘ब’ वर्गात मोडतं, आणि एकूण साठा अडीच हजार लिटरच्या आत, एकेक भांडं हजार लिटरच्या आत असेल तर तो बाळगायला आणि न्यायला परवाना लागत नाही. पेट्रोल ‘अ’ वर्गातलं. त्याची मर्यादा फारच कडक. या वर्गांच्या मुळाशी ज्वलनांक आहे. कोणत्या तापमानाला तेलाची वाफ ठिणगीने पेट घेईल, तो हा आकडा. पेट्रोलची वाफ शून्याखाली चाळीस अंशांनाही पेटते. आपल्याकडच्या डिझेलला मानकानुसार किमान 35 अंशांची मर्यादा आहे. बिदर-कलबुर्गीच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा डिझेलही त्या मर्यादेपलीकडे गेलेलं असतं. ‘डिझेल पेटत नाही’ हा भरवसा उन्हाळ्यात धरू नये.

बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांची टाकी बॉनेटखाली, इंजिनाच्या वर असते. झाकण मधोमध असल्याने मशीनच्या कुठल्याही बाजूला उभं राहता येतं, ही सोय. तोटा असा की नोझल वर उचलून धरावं लागतं आणि सांडलेलं डिझेल थेट तापलेल्या इंजिनावर किंवा सायलेन्सरवर पडतं. नोझल आपोआप बंद होतं त्यामागची युक्ती सुरेख आहे. त्याच्या टोकाशी एक बारीक भोक असतं. डिझेल वाहताना त्या भोकातून हवा आत ओढली जाते. टाकीतली पातळी चढून भोक बुडालं की हवा तुटते, आत पोकळी तयार होते, पडदा वर खेचला जातो आणि खटका सुटतो. वीज किंवा सेन्सर काही लागत नाही. डिझेलला फेस फार येतो, त्यामुळे टाकी भरायच्या आधीच फेसाने भोक बुडतं आणि खटका पडतो. पंपावरचा पोरगा थोडं थांबून हळूहळू ‘वरचं’ भरतो ते यासाठी.

पण गळ्यापर्यंत भरण्यात शहाणपण नाही. जमिनीखालच्या टाकीतलं डिझेल थंड असतं आणि ट्रॅक्टरच्या टाकीत, इंजिनाच्या उबेत ते वीस अंशांनी तापलं तर 65 लिटर डिझेल जवळजवळ एक लिटरने फुगतं. ते झाकणातून बाहेर येतं आणि चढावर पाचटासकट सगळ्यावर उडतं. मापाची शंका असेल तर पंपावर शिक्का मारलेलं पाच लिटरचं माप असतं. ते मागायचा हक्क कुठल्याही गिऱ्हाइकाला आहे, आणि पाच लिटरला 25 मिलिलिटरपर्यंतचा फरकच चालतो. शिवाय मशीनवर शून्य बघायचं, हे ट्रॅक्टरच्या उंच सीटवरून उतरूनच.

उसाच्या ट्रॉलीचा आणखी एक चेहरा दसरा-दिवाळीच्या सुमाराला दिसतो. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात तेव्हा ट्रॉली म्हणजे फिरतं घर असतं. वर ताडपत्री, आत भांडीकुंडी, धान्याची पोती, खोपीसाठी बांबू, लेकरं, एखादी शेळी, आणि अलीकडे छोटा गॅस सिलिंडरही. अमेरिकेत सुट्टीला निघालेली कुटुंबं पिकअप गाडीमागे घरासारखी ट्रॉली ओढतात, तिथेही पंपावरचे प्रश्न हेच. डिझेलच्या गाड्या ट्रकांसाठीच्या लांब लेनमध्ये घालतात, आणि पंपावर वळण्याआधी घरातली गॅसवर चालणारी फ्रीज-शेगडीची ज्योत विझवतात. ऑस्ट्रेलियात 53.5 मीटरपर्यंतच्या ‘रोड ट्रेन’ना मोकळी जागा असलेल्या रस्त्याकडच्या थांब्यांशिवाय कुठेच डिझेल भरता येत नाही. टोळीच्या ट्रॉलीत ताडपत्रीखाली कुणी बिडी ओढतंय का, सिलिंडरची कळ बंद आहे का, हे बघणं मुकादमाच्या गळ्यात पडतं. माणसांना आवाराबाहेर उतरवून मगच ट्रॅक्टर आत न्यावा. पंपावरचे कर्मचारी मोटारसायकलवाल्याला खाली उतरवतात, मग ट्रॉलीतल्या वीस माणसांना कशासाठी बसू द्यायचं?

पैशांचा व्यवहार मात्र पंपावर क्वचितच पुरा होतो. अनेक कारखाने स्वतःचा पंप चालवतात आणि वाहतूकदाराला चिठ्ठीवर डिझेल देतात. रक्कम वाहतुकीच्या बिलातून कापली जाते. हातात रोकड नसलेल्या ट्रॅक्टरमालकाला ही सोय जड वाटत नाही, आणि कारखान्याला त्याचं वाहन हंगामभर बांधून मिळतं. वाटेच्या दृष्टीनेही कारखान्याचा पंप सोयीचा. आवार लांबच लांब असतं आणि गेट, काटा, उतरणी, पंप हा सगळा मार्ग ट्रॉल्या डोळ्यांपुढे ठेवूनच आखलेला असतो.

आता तर पंपच वाहनाकडे येऊ लागला आहे. मार्च 2018 मध्ये इंडियन ऑइलने पुण्यात डिझेल दारात पोचवायला सुरुवात केली. छोट्या ट्रकवर टाकी, तिला मीटर आणि नोझल. अशा फिरत्या पंपाला परवाना लागतो तो पेसो या केंद्रीय संस्थेचा. स्फोटकं आणि पेट्रोलियमची सुरक्षा बघणाऱ्या या संस्थेचं मुख्य कार्यालय नागपुरात आहे. डिझेलची गाडी कुठे थांबेल, तिला अर्थिंग कसं द्यायचं, आग विझवायची कोणती साधनं जवळ हवीत, हे परवान्यातच येतं. कारखान्याच्या आवारात नंबरासाठी तासन्‌तास उभ्या असलेल्या ट्रॅक्टरांच्या रांगेला ही पद्धत चांगली लागू पडते. इंजिनं बंद असतात, जागा सपाट असते, हमरस्ता दूर असतो, ट्रॉली सोडावी लागत नाही आणि वळणही घ्यावं लागत नाही. अडचण पाचटाची. रांगेत दोन ट्रॉल्यांमधलं अंतर हातभर असतं आणि खाली वाळल्या पाल्याचा थर. तो झाडून, रांगेत डिझेलच्या गाडीपुरती मोकळी गल्ली ठेवणं कारखान्याच्या हातात आहे.